अकरा मिनिटांचं ऊन

उमरखेडला मी शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा खोली पाहायला जाण्याआधी घरमालकांना फोन केला. "स्टँडपासून घर किती लांब आहे?" एवढंच साधं विचारलं. पलीकडून गंभीर आवाजात उत्तर आलं, "पायी आल्या तं एक छाप. पन पुसातला धरा. चैतातला धराल तं फसाल."

मी साताऱ्याकडची. मला वाटलं, 'छाप' हे कोसासारखं इकडचं काहीतरी माप असेल. स्टँडवरच्या चहावाल्याला विचारलं तर तो हसायलाच लागला. "फेरोवाल्या काकाजीकडे जाऊन राह्यल्या का मॅडम? मंग वीस-पंचवीस मिनिटं धरा." मी घड्याळ लावून चालले. चोवीस मिनिटं लागली.

काकाजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीभर त्यांनी फेरो काढले. फेरो म्हणजे कालव्यांच्या आणि पुलांच्या नकाशांची निळी प्रत. दोन पावडरी पाण्यात कालवायच्या, अंधाऱ्या खोलीत ब्रशनं कागदाला फासायच्या, कागद वाळला की त्यावर नकाशा ठेवून काचेच्या चौकटीत दाबायचा आणि चौकट उन्हात मांडायची. उन्हातले अतिनील किरण जिथे पोचतील तिथे कागद निळा होतो, रेघेखाली झाकलेला भाग तसाच राहतो. मग पाण्यानं धुतलं की निळ्यावर पांढऱ्या रेघा उमटतात. पुढे खात्यात यंत्रं आली, मग संगणक आले, आणि काकाजींना फायलींच्या टेबलावर बसवलं. तिथे ते अकरा वर्षं बसले आणि त्या अकरा वर्षांबद्दल मी त्यांच्या तोंडून एक वाक्यही ऐकलं नाही. निवृत्त झाल्यावर खात्याच्या भंगारातून त्यांनी आपली जुनी चौकट सोडवून आणली, गच्चीवर मांडली आणि नकाशांच्या जागी माणसं छापायला सुरुवात केली. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला मोबाइलमधला फोटो उलटा करून, म्हणजे काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं करून, प्लास्टिकच्या कागदावर काढून द्यायचा. तो कागद चौकटीत जायचा आणि निळा माणूस बाहेर यायचा.

किती वेळ उन्हात ठेवायचं, हा या कामातला एकच अवघड प्रश्न. काकाजींच्या आयुष्यातही बहुधा तेवढा एकच होता. एका छापाला चैतात भर दुपारी अकरा मिनिटं, पुसात, म्हणजे पौषात, पंचवीस, पातळ ढग असतील तर चाळीस, आणि दाट असतील तर खाली जाऊन जेवायचं. त्यांच्याकडे एक लांबट वही होती. महिना, वेळ, आभाळ, मिनिटं असे रकाने आखलेले आणि शेवटी शेरा. शेरे वाचण्यासारखे असत. 'ढग, पिंजलेल्या कापसाचे.' 'ढग, दुधाचे.' 'शेजारी कचरा जाळला, दोन मिनिटं जास्त.' 'पाहुणे आले, जळाला.' तो पाहुणा नव्हे, कागद, हे मला नंतर समजलं.

वही होती, मनगटावर घड्याळही होतं, पण शेवटचा निवाडा डोळ्याचा. चौकटीच्या मागच्या फळीचे दोन भाग होते. अर्धी फळी उघडून ते कागद किंचित उचलत, मान वाकडी करून पाहत. पिवळट हिरवा कागद निळा होऊन वर राखेची झाक आली की एवढ्या जोरात "उतरलं!" म्हणून ओरडत, की खालच्या गल्लीतली कुत्री उठून बसत. "घड्याळ सरकारचं, ऊन आपलं," असं त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. बायका कुरडया घालण्याआधी त्यांना विचारायला येत आणि ते कागद छापायच्या गांभीर्यानं सल्ला देत.

पहिल्याच रविवारी आमचं भांडण झालं. मी कपडे धुऊन गच्चीवर वाळत घातले आणि खाली येऊन वह्या तपासत बसले. थोड्या वेळानं जिन्यात काकाजी उभे. हातात ओला कागद, त्यावर फुलसावंगीचं नवं जोडपं. "मॅडम, हा नवरदेव सव्वीस वर्षाचा हाय. तुमच्या ओढनीनं त्याले म्हतारा केला. केस पाहा त्याचे!" ओढणीच्या गोंड्यांची सावली बरोबर नवऱ्या मुलाच्या डोक्यावर पडली होती आणि त्याच्या काळ्याभोर केसांत पांढऱ्या बटा आल्या होत्या. मला हसू फुटलं आणि तिथेच माझं चुकलं. काकाजी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी गच्चीवर खडूची एक रेघ दिसली. कपडे रेघेच्या अलीकडे. पुढच्या महिन्यात ती रेघ हातभर सरकली, त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी. माझा राग नाकावर असतो, मी तावातावानं काठी रोवून सावली मोजून पाहिली. विज्ञान मी शिकवते आणि रेघ त्यांची बरोबर. तेव्हापासून कानाला खडा लावला.

काकूंशी मात्र माझं पहिल्या दिवसापासून जमलं. काकू बुटक्या, बोलायला कमी आणि हसायला पुढे. गावातल्या बोअरचं पाणी जड, त्यात धुतलं की निळा रंग फिका पडतो, म्हणून धुण्याच्या पाण्यात काकाजी लिंबू पिळत. काकू म्हणत, "आमच्या घरी लिंबू आधी फोटोले, मंग वरनाले." हे त्या तक्रार म्हणून सांगत नसत. नवऱ्याचं वेड त्यांनी घरातल्या एखाद्या थोरल्या माणसासारखं सांभाळलं होतं.

त्यांच्या पुढच्या खोलीत भिंतीवर काकूंच्या छापांची एक रांग होती. दर वर्षी बुद्ध पौर्णिमेला विहारातली वंदना आटोपून दोघं घरी आले की पांढऱ्या साडीतल्या काकूंना गच्चीवर खुर्चीत बसवायचं. झेरॉक्सवाला मोबाइलवर फोटो काढायचा आणि त्याच आठवड्यात काकाजी तो उन्हात छापायचे. वर्षाला एक, असा नेम. मी राहायला गेले तेव्हा रांगेत सात काकू होत्या. माझ्यासमोर आणखी पाच वाढल्या. नव्या छापांत साडी जरा निळसर वाटायची. मला वाटलं, वेगळी साडी असेल. बायकांच्या साड्यांची चौकशी करायचं माझं वय नव्हतं तेव्हा.

पावसाळा हा काकाजींचा वनवास. आषाढ-श्रावणात ते पिंजऱ्यातल्या वाघासारखे गच्चीच्या दाराशी फेऱ्या मारत. शेवटी झेरॉक्सवाल्यानंच तोड काढली. मिठाईच्या दुकानात माश्या मारायच्या यंत्रात जांभळट नळ्या असतात, त्यांतूनही हेच किरण निघतात, हे त्यानं मोबाइलवर वाचलं होतं. नांदेडहून आठ नळ्या आल्या. काकूंची लग्नातली पत्र्याची पेटी रिकामी झाली आणि झाकणाच्या आतून नळ्या बसल्या. पहिल्या दिवशी छाप चौदा मिनिटांत उतरला. दुसऱ्या दिवशी चौदा. तिसऱ्या दिवशीही चौदा. काकाजींचा चेहरा पडला. "हे काय ऊन हाय? ना उगवते, ना बुडते. याले वही कायले पाह्यजे?" पण पावसाचं काम त्यावर होई, म्हणून त्यांनी ते नाइलाजानं ठेवून घेतलं. नाव ठेवलं 'पेटीतलं ऊन'. ते म्हणताना आवाज असा, की पेटीतलं ऊन म्हणजे शिळी भाकर.

मला तिथे तिसरं वर्ष लागलं होतं, तेव्हा काकाजी एक नवीच तक्रार करायला लागले. ऊन कमी झालं म्हणे. आधी मला वाटलं, थट्टा करतात. उमरखेडला वैशाखात दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, माझ्या शाळेत मुलं पाण्याच्या टाकीला चिकटून बसायची, आणि हा एकटा माणूस घामानं निथळत सांगतोय, "पहिल्यासारखं ऊन राह्यलं नाई मॅडम. अकरात उतरत होतं, आता सतरा लागून राह्यले. हवाच खराब झाली." पुढच्या वर्षी सतराचे वीस झाले. मी म्हणायची, म्हाताऱ्या माणसांना जुनं सगळंच जास्त वाटतं, तसंच हे.

पण मग पेटीतलंही ऊन कमी झालं. चौदाचे सोळा, सोळाचे एकोणीस, करत करत सव्वीस. काकाजी म्हणाले, नळ्या म्हाताऱ्या झाल्या. ते खरं असतं, नळ्या थकतात. नव्या आणल्या. तरी सव्वीस. मग पावडर वाईट म्हणून पावडर बदलली, कागद बदलला. तरी सव्वीसच. तेव्हा मात्र माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आभाळातल्या उन्हाला हजार कारणं असतील, पेटीत कुठलं आलंय आभाळ?

मी वर्गात दाखवावा तसा प्रयोग मांडला. पावडर फासलेल्या कागदाची एक लांब पट्टी, तिच्यावर काकूंच्या साडीच्या काठाचा प्लास्टिकचा कागद, असं पेटीत ठेवलं आणि तिच्यावरचा पुठ्ठा दर दोन मिनिटांनी बोटभर सरकवत गेले. धुऊन वाळवल्यावर पट्टीवर दहापासून सव्वीसपर्यंतच्या पायऱ्या उमटल्या, प्रत्येक पायरीत काकूंच्या साडीच्या काठाचा एकेक तुकडा. मग सगळ्यांना वेगवेगळं विचारलं, यातला चांगला कुठला? झेरॉक्सवाल्यानं चौदावर बोट ठेवलं. काकूंनी चौदावर. मीही चौदावर. काकाजींनी पट्टी दारात नेली, उजेडात धरली, डोळे बारीक केले आणि सव्वीसवर बोट ठेवलं. "हे बाकीचे कच्चे हायेत. निळं कुठं हाय याच्यात?"

आता इथे गप्प बसायला हवं होतं. पण उंटावरच्या शहाण्याला कोणी आवरायचं? मी झेरॉक्सवाल्यादेखत बोलून गेले, "काकाजी, ऊन तेवढंच आहे. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तो पिवळा पडतो, मग निळं दिसत नाही. फिकट निळं तर अजिबातच नाही. म्हणून तुम्ही वाट पाहत बसता आणि छाप काळवंडतो."

काकाजींनी पट्टीची चार घड्या घातल्या, खिशात ठेवली आणि गच्चीवर गेले. चौकट भिंतीकडे तोंड करून उभी केली. पंधरा दिवस त्यांनी कागदाला ब्रश लावला नाही. आभाळ स्वच्छ होतं, ऊन फुकट चाललं होतं, आणि ते खाली पलंगावर बसून कॅलेंडरकडे पाहत. मला माझ्या जिभेचा इतका राग आला, की दोन दिवस जेवण गेलं नाही. खरं सांगितलं होतं, पण असं चारचौघांत, वर्गातल्या पोराला सांगावं तसं सांगायचं असतं का?

सोळाव्या दिवशी ते स्वतःच माझ्या दारात आले. आत आले नाहीत, उंबऱ्यापाशीच उभे राहिले. "मॅडम, डॉक्टर डोळ्यातलं भिंग काढून दुसरं बसवते म्हणतात. खरं का?" मी हो म्हटलं. "कागद उतरला का नाई, हे म्या याच डोळ्यानं शिकलो. साहेब लोक नकाशे वाचत, मी कागद वाचत होतो. आता नव्या भिंगाले काय माईत, उतरलं म्हंजे काय? त्याले नाई समजलं तं मले मंग काय येते? मी मंग नुसता म्हतारा." डॉक्टर काय सांगतील ते मला ठाऊक होतं, पण हा प्रश्न डॉक्टरांचा नव्हता. हातात असलेली एकुलती एक विद्या पणाला लावायची होती, आणि ती परत मिळेल अशी हमी मी तरी कशी देणार?

जे मला प्रयोगानं जमलं नाही ते काकूंनी दुपारच्या चहाआधी करून टाकलं. भिंतीवरचे शेवटचे पाच छाप त्यांनी खिळ्यांवरून उतरवले आणि पलंगावर ओळीनं मांडले. "पाहा बरं इकडे. साडी कोनती हाय ही?"

"पांढरी," काकाजी म्हणाले.

"पाचही?"

"हाव. पाचही."

"मॅडम, तुमी सांगा."

मी पाहिलं. पहिल्यात साडी पांढरी होती. दुसऱ्यात आभाळी. पाचव्यात साडी कुठे संपते आणि काकू कुठे सुरू होतात तेही कळत नव्हतं, चेहऱ्यावर नुसता निळा अंधार आणि त्यात दोन डोळे. मी हळूच ते सांगितलं.

काकाजींनी तो पाचवा छाप हातात घेतला. "तू तं रोज पाहत होती. काहून नाई बोलली?"

काकू हसल्या. "मले वाटलं, मीच काळी पडून राह्यली. वय झालं, होत असन. तुमी एवढ्या हौसेनं काढता, कायले बोलाचं?"

काकाजी तो छाप हातात धरून बसले. चहा गार झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते अंगणात आले आणि म्हणाले, "एकच डोळा. डावा. उजवा जुना राहू द्या, लागला तं." एक डोळा असा राखीव ठेवणारा माणूस डॉक्टरांनीही पहिल्यांदाच पाहिला असेल.

नांदेडला शस्त्रक्रिया झाली, पट्टी निघाली आणि घरी आल्याबरोबर काकाजी पुढच्या खोलीतल्या भिंतीसमोर उभे राहिले. एक डोळा झाकायचे, पाहायचे. मग दुसरा झाकायचे, पाहायचे. अर्धा तास हेच. शेजारच्या बायका दारातून डोकावून गेल्या. "या डोळ्यानं निळं," ते स्वतःशी म्हणत होते, "आन या डोळ्यानं शेवाळ. पाच वर्ष मी लोकाईच्या घरी शेवाळ वाटलं ना!"

मग त्यांना ध्यास लागला, की पाच वर्षांतले सगळे छाप परत आणायचे आणि नव्यानं काढून द्यायचे. डॉक्टरांनी महिनाभर ऊन आणि धूळ टाळायला सांगितलं होतं, म्हणून काळा चष्मा लावून ते निघाले आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला मी. एसटीनं फुलसावंगीला गेलो. एका घरात वारलेल्या आजोबांचा छाप होता, इतका काळवंडलेला की आजोबा कमी आणि रात्र जास्त. काकाजींनी हात जोडून चूक कबूल केली. आजी सगळं ऐकून म्हणाल्या, "नाई बावा, तुमच्या डोळ्यासाठी आमच्या मानसाले कायले हलवता? थे असेच होते, अंधारात बसनारे." आणि आम्हाला चहा दिला. पुढच्या दोन घरांतही तसंच झालं. कोणीही छाप परत दिला नाही. येताना काकाजी गाडीत एकदम हसायलाच लागले. मी त्यांना इतकं मोकळं हसताना आधी पाहिलं नव्हतं.

महिना संपला तेव्हा चैत होता. बुद्ध पौर्णिमेला अजून अवकाश होता, पण काकाजींना थांबवेना. काकूंनी पांढरी साडी नेसली, फोटो काढून झाला, प्लास्टिकचा कागद आला. भर दुपारी चौकट भिंतीकडून वळली. काकाजींनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि सांगितलं, "पाहून घ्या, पन मले सांगू नका." वही खालीच ठेवली होती. मी जिन्याच्या सावलीत उभी राहिले. काळा चष्मा कपाळावर सरकवून ते फळी उघडत, मान वाकडी करत, डावा डोळा कागदाशी नेत आणि फळी पुन्हा लावत. पाच मिनिटं झाली, सात, नऊ. नऊनंतर त्यांनी तीनदा फळी उघडली आणि तीनदा पुन्हा लावली. एकदा माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

"उतरलं!"

गल्लीतली कुत्री उठली. घड्याळात अकरा मिनिटं आणि वर काही सेकंद झाले होते. हा माणूस नुसता म्हातारा होणार नव्हता, याचा मला माझी बदली घराजवळ झाल्याइतका आनंद झाला होता. काकाजी मात्र वेळ विचारायच्या फंदातही पडले नाहीत. चौकट उचलून ते न्हाणीकडे धावले, लिंबाच्या पाण्यात कागद बुडवला, आणि पिवळं वाहून गेलं तसतशी काकूंची साडी पांढरी होत वर आली, मग हात, मग चेहरा.

वाळलेला छाप त्यांनी स्वतः स्वयंपाकघरात नेला. काकूंनी पदराला हात पुसले, छाप खिडकीशी धरला आणि बराच वेळ पाहिला. साडीच्या काठाचा धागान् धागा दिसत होता आणि चेहऱ्यावरची रेघ न् रेघसुद्धा.

"अगं माय," काकू म्हणाल्या, "एवढ्या सुरकुत्या मले कवा आल्या?"

"मले काय माईत," काकाजी म्हणाले. "मी तं आजच पाह्यल्या."

आणि त्यांनी हातानं उजवा, जुना डोळा झाकला आणि छापाकडे नाही, काकूंकडे पाहत तसेच उभे राहिले.